उठून जाण्याची मुभा

सोलापूरच्या रिक्षावाल्याला दोन पत्ते सांगून पाहावेत. ‘वोरोनोको’ म्हटले की तो मुकाट शाळेकडे वळतो. ‘सेटलमेंट’ म्हटले की ‘कॉलनी नंबर कितवा?’ एवढेच विचारतो. दोन्ही नावे परदेशी, आणि दोन्ही सोलापूरकरांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली. पहिली, मुलींच्या शिक्षणासाठी काढलेली शाळा. दुसरी, कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी उभारलेली वसाहत. या दोन्ही ठिकाणी एकाच मिशनच्या माणसांनी काम केले. शाळा तर अमेरिकन मराठी मिशनचीच. सेटलमेंटचा कारभारही पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने याच मिशनकडे सोपवला आणि तो काही वर्षे त्यांच्याकडे राहिला.

म्हणजे माणसे त्याच मुशीतली. घरदार सोडून आलेली, मराठी शिकलेली, पहाटे प्रार्थना करून दिवसभर राबणारी. तरीही एका ठिकाणी त्यांच्या हातून शाळा उभी राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या हाती हजेरीपट आणि चाव्या आल्या. असे का व्हावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मिशनरी शिक्षकाबद्दल आपल्याकडे दोन ठरीव निकाल आहेत. एक कृतज्ञतेचा: त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, शिवाशिव न मानता मुलांना जवळ घेतले. दुसरा संशयाचा: हे सगळे बाटवण्यासाठी लावलेले जाळे होते. दोन्ही निकाल मिशनऱ्याच्या मनात डोकावून दिलेले असतात. त्याचा हेतू शुद्ध होता की नव्हता, यावर हमरीतुमरी चालते. पण हेतू हे मोजमाप फार फसवे आहे. धर्मप्रसाराचा हेतू तर त्यांनी कधी लपवलाच नव्हता, आणि त्याच हेतूच्या माणसांकडून अगदी उलट्या गोष्टी घडलेल्या दिसतात. मला दुसरे माप अधिक खरे वाटते. समोरच्या माणसाला उठून जाता येत होते का? जिथे विद्यार्थ्याला उठून जायची मुभा होती, तिथे मिशनरी चांगला शिक्षक झाला. त्याला व्हावेच लागले. जिथे ती नव्हती, तिथे भला माणूसही पहारेकरी होऊन बसला.

या मुभेचा इतिहास मुंबई-पुण्यात सुरू होतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. पुढे स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले आणि त्यांची शाळा नावारूपाला आली. १८३९ मध्ये तिथल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहरात वणवा पेटला. पारशांनी प्रकरण कोर्टात नेले आणि आपली मुले भराभर शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलावरून तसेच वादळ उठले. त्याचा भाऊ नारायण आधीच ख्रिस्ती झाला होता. श्रीपत अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांचा रोष पत्करून उभे राहिले.

या प्रकरणांची चर्चा नेहमी धर्मांतराच्या अंगाने होते. शाळेच्या अंगाने पाहिले तर वेगळे दिसते. पालक मुलाचा हात धरून त्याला घरी नेऊ शकत होते, आणि मास्तरांना हे रोज दिसत होते. बाक रिकामे झाले की शाळा बंद, म्हणजे उपदेशही बंद. तेव्हा मुलांना टिकवायचे तर गणित, भूगोल, इंग्रजी इतके चांगले शिकवणे भाग होते की पालक धोका पत्करूनही मुलगा पाठवतील. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हीच गोष्ट सरकारी हिशेबात आणली. मिशनच्या शाळेला अनुदान मिळेल, पण तपासणी लौकिक विषयांचीच होईल. धर्म काय शिकवता हे इन्स्पेक्टर विचारणार नाही आणि त्याचे गुणही देणार नाही. उपदेशकाला पैसे मिळू लागले ते शिक्षक म्हणून.

याच शाळांतून जोतीराव फुले निघाले. लोकांच्या सांगण्यावरून त्यांना एकदा शाळेतून काढण्यात आले होते. मग गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी त्यांच्या वडिलांची, गोविंदरावांची, समजूत घातली आणि १८४१ मध्ये ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. पुढे अहमदनगरला त्यांनी सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. फरारबाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरला होत्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. लग्न न केलेली, कोणा मिशनऱ्याची बायको म्हणून न आलेली, केवळ शिक्षिका म्हणून पाठवलेली ही बाई. बाईला पाळकाची दीक्षा मिळण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. तिच्या हाती राहिली ती पाटी आणि पेन्सिल. नगरच्या त्या शाळा पाहून जोतीरावांना आपल्या घरापासून सुरुवात करावीशी वाटली. सावित्रीबाईंचे शिक्षिका म्हणून प्रशिक्षणही नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे झाले, आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा उघडली.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी मिशनऱ्यांची उघड प्रशंसा केली, ख्रिस्ती धर्मातले पटले ते घेतले आणि शेवटी स्वतःचा सार्वजनिक सत्यधर्म मांडला. मिशनच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्म्याचा जो रकाना असतो, त्यात फुल्यांची नोंद शून्य. पण मराठी मुलुखात मिशनरी शाळांनी घडवलेला सर्वांत मोठा माणूस कोण, असे विचारले तर दुसरे नाव सुचत नाही. शाळेचा उंबरठा ओलांडून तो बाहेर गेला, आणि जाताना शाळा कशी चालवायची ते सोबत घेऊन गेला. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांसाठी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले, तेव्हा नावापासून कार्यपद्धतीपर्यंत बरेच काही मिशनऱ्यांकडून उचलले. धर्मांतर तेवढे वगळले.

हे माप सर्वांत कठोरपणे लागू पडते ते पंडिता रमाबाईंना, आणि त्या परदेशी नव्हत्या म्हणून त्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाईंनी तिथल्या धर्मभगिनींशी वाद घातला. बायबल मी वाचीन आणि पटेल ते मानीन, चर्च सांगते म्हणून मानणार नाही, असा त्यांचा बाणा होता. स्वतःसाठी त्यांनी ही मुभा भांडून घेतली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा विधवांना शिक्षण मिळेल, धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे आश्वासन होते. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते. पुढे सदन पुण्यात आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. ‘मी बोलावत नाही, पण दार लावणारही नाही’ ही त्यांची भूमिका. १८९३ मध्ये याचा भडका उडाला. सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

त्या भांडणात रमाबाई चूक की सुधारक भित्रे, हा वाद अजून संपलेला नाही. मला त्यात एक निरोगी गोष्ट दिसते: मुलींना नेणारे कोणी होते, जाब विचारणारे होते, आणि रमाबाईंना उत्तर द्यावे लागत होते. आणि ज्या तिथे शिकून बाहेर पडल्या त्यांनी काय केले, तेही पाहावे. गोदूबाई जोशी ही सदनातली विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी तिचे लग्न झाले. कर्व्यांनी तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला, त्यामागे शारदा सदनाचा धडा होता, घेण्याचाही आणि टाळण्याचाही.

पुढच्या दुष्काळांनी चित्र पालटले. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ. रमाबाईंनी मध्य प्रांत आणि गुजरातेतून उपाशी मुली, बाया शेकड्यांनी केडगावला आणल्या. मुक्तिसदनात त्यांना अन्न, कपडे, अक्षरे, विणकाम, छपाईचे काम मिळाले. आणल्या नसत्या तर त्यांतल्या कितीजणी रस्त्यावरच मेल्या असत्या. पण या मुलींना न्यायला येणारे कोणी नव्हते. केडगावात धार्मिक जागृतीची लाट आली तेव्हा पालक दाराशी येऊन उभे राहिले नाहीत. पालक उरलेच नव्हते. ज्या बाईने धर्मगुरूंपुढे स्वतःच्या बुद्धीचा हक्क सोडला नाही, तिच्या आश्रमात तो हक्क बजावण्याइतपत ताकद फार थोड्या मुलींच्या अंगी होती. यात रमाबाईंचे मन बिघडले असे मी म्हणत नाही. समोरच्याला दुसरी वाट नसली की देणाऱ्याचे वजन आपोआप वाढते, देणारा कितीही निर्मळ असो.

मिशनमधल्या माणसालाही हीच मुभा लागते, हे नारायण वामन टिळकांनी दाखवले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये वर्षानुवर्षे राबले. भजने लिहिली, कीर्तने केली. पण गोऱ्या मिशनऱ्याचा पगारी नेटिव्ह मदतनीस हे नाते त्यांना सलत राहिले आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्त त्यांनी सोडला नाही. सोडली ती पगाराने बांधलेली निष्ठा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट तर आणखी मोलाची. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या वेगळ्या राहिल्या. त्यातले काही दिवस सोलापूर जिल्ह्यातल्याच पंढरपुरात गेले. नंतर त्या टिळकांकडे आल्या, तरी आपले सोवळे सांभाळून आल्या. स्वतःशी भांडत, प्रश्न विचारत, काही वर्षांनी त्यांनी आपला निर्णय आपण घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे पुस्तक एवढे मोकळे आणि हसरे का, याचे एक उत्तर मला यात दिसते. ज्याला नाही म्हणता आले होते, त्याच्याच होकाराला असा सूर लागतो.

आता सोलापूर. नगरला अमेरिकन मिशन १८३१ मध्ये गेले, सोलापुरात त्यांचे काम १८६० च्या दशकात उभे राहू लागले. १८७० च्या दशकात सोलापूरची पहिली कापडगिरणी, पुढे जिला सारे जुनी गिरणी म्हणू लागले, ती निघाली आणि बाजारपेठेचे गाव गिरणगाव होऊ लागले. मिशनने इथे चर्च, शाळा, वसतिगृह काढले. वोरोनोको हे मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्टफिल्ड नदीकाठच्या एका जागेचे तिथल्या मूळ रहिवाशांनी ठेवलेले नाव; ते सोलापुरातल्या मुलींच्या शाळेला मिळाले. मिशनने शहरात किंडरगार्टन चालवले आणि त्यासाठी शिक्षिका तयार करणारा वर्गही, तोही बालशिक्षणात ताराबाई मोडकांचे नाव होण्याच्या कितीतरी आधी. बालवर्गाचे काम मला फार सूचक वाटते. चार वर्षांच्या पोराला पापपुण्याचा उपदेश ऐकवून पाहा. ते चुळबूळ करते, मग उठते, मग दाराकडे पळते. त्याला बसवून ठेवायचे तर गाणे हवे, ठोकळे हवेत, माती हवी. बालवर्गाची बाई कोणत्याही धर्माची असो, तिचा धर्म पहिल्या पाच मिनिटांत मूलच ठरवते.

याच शहरात सेटलमेंट उभी राहिली. तिचे मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची आणि त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येणार नाही, अशी त्याची रचना. आधी उत्तरेकडे लागू असलेला हा कायदा १९११ च्या सुधारणेने देशभर लागू करता आला. मुलांना आईबापांपासून वेगळे करून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकारही त्यात आला. मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने विजापूरकडून या वसाहतींना सुरुवात केली. सोलापूर त्यासाठी सोयीचे होते, कारण गिरण्यांना माणसे हवी होती. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी अशा जमातींच्या लोकांना आणून तारेच्या आत वसवले. सकाळी हजेरी, रात्री हजेरी. बाहेर पडायचे तर पास घ्यायचा आणि ठरल्या वेळेला परत यायचे. भोंगा झाला की गिरणी, गिरणी सुटली की कुंपण. पास नसताना बाहेर सापडला तर तोच गुन्हा. चोरी केली की नाही याची चौकशी करायची गरज नाही. वागणूक चांगली दिसली तर तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त बढती. गुन्हा शाबीत न होता भोगलेल्या कैदेतून सुटका मिळायची, तीही बक्षीस म्हणून.

अशी वसाहत मिशनने चालवायला घेतली. ही सोलापूरचीच गोष्ट नव्हती. उत्तरेत आणि मद्रास इलाख्यात साल्व्हेशन आर्मी अशा वसाहती चालवत होती. सरकारला स्वस्तात निष्ठावान व्यवस्थापक मिळत होते आणि मिशनला एरवी कधी हाती न लागणारे श्रोते. मिशनऱ्यांनी इथे शाळा भरवल्या, आजाऱ्यांना पाहिले, कामधंदा शिकवला. पोलिसांच्या मारापेक्षा हे बरे, असे त्यांना मनापासून वाटत असणार. पण ज्या शाळेत मुलाला घरी नेण्याचा आईला हक्क नाही, त्या शाळेतल्या मास्तराला आपण चांगले शिकवतो की वाईट, हे कळणार कसे? हजेरी भरलेली असते, कारण गैरहजर राहणे हा गुन्हा असतो. प्रार्थनेला गर्दी असते, कारण प्रार्थना घेणाऱ्याच्या शिफारशीवर कुंपणाबाहेर जाणे अवलंबून असते. मुंबईच्या पालकांनी विल्सनना आणि पुण्याच्या पालकांनी रमाबाईंना जो आरसा दाखवला, तो सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कोणाच्याच हाती नव्हता.

‘पण तिथे मुले शिकली, लोकांना गिरणीत कायम काम मिळाले,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, शिक्षणाने आणि नियमित पगाराने काही घरांची पुढची पिढी सावरली. पण त्यासाठी तार कशाला हवी होती? शाळा, काम आणि घर या तीन गोष्टी तारेवाचूनही देता आल्या असत्या. तारेने आणखी एक गोष्ट दिली आणि ती तार निघाल्यावरही गेली नाही: जन्माने लागलेला शिक्का. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. विमुक्त जमाती तो दिवस अजून पाळतात. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन आले १९८७ मध्ये, कायदा जाऊन पस्तीस वर्षे झाल्यावर. संशयाचा हजेरीपट तोवर बंद झालेला नव्हता, हे त्या पुस्तकाने साऱ्या महाराष्ट्राला वाचायला लावले.

मिशनरी मास्तराचे तिसरे रूप मैदानावरचे. बास्केटबॉल १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत बसवला. ते धर्मशास्त्राचे पदवीधर होते, पण व्यासपीठापेक्षा व्यायामशाळेत माणूस अधिक घडतो असे त्यांना वाटले. चार वर्षांनी शेजारच्याच होल्योकमध्ये विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल शोधला. ही गावे आणि वोरोनोको एकाच टापूतली. सोलापूरच्या शाळेचे नाव आणि आज गावोगावच्या गावठाणात जाळी बांधून खेळला जाणारा खेळ ही एकाच खोऱ्यातून आलेली पाहुणी आहेत.

त्या स्प्रिंगफिल्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक १९१९ मध्ये भारतात आले आणि १९२० मध्ये त्यांनी मद्रासला वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली. सुरुवातीला विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारतातून धावपटू आणि मल्ल गेले होते, आणि त्यामागे दोराबजी टाटा आणि पुण्याचा डेक्कन जिमखाना हे होते; बेळगावचे चौगुले त्यांच्यातच मॅरेथॉन धावले. ताकद होती, दम होता. तो वाढवण्याचे शास्त्र शिकवणारे मात्र जवळजवळ कोणी नव्हते. बक १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून गेले. १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते याच कामात राहिले. पक्के ख्रिस्ती, वायएमसीएचे निष्ठावान सेवक. पण त्यांच्या हाताखालून गेलेला शिक्षक शाळेत परतला तो शिट्टी, स्टॉपवॉच आणि नियम घेऊन.

मैदानावर मिशनऱ्याला शिक्षकच व्हावे लागते, याला कारणे आहेत. घड्याळ कोणाची भीड धरत नाही. शंभर यार्डांना लागलेला वेळ श्रद्धेने कमी होत नाही. खेळाडू पटले नाही तर दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि सामना सुरू झाला की प्रशिक्षकाला रेषेबाहेर जावे लागते. आतला निर्णय आत असलेल्याने घ्यायचा. ओरडता येते, पण चेंडू मारता येत नाही. शिकवण्याच्या सगळ्या धंद्यांत एवढी स्पष्ट रेषा दुसरीकडे कुठे आखलेली नसते. साहेबी खेळांतून शिस्तीचे, आज्ञाधारक प्रजाजन घडवायचे हा डाव वसाहतीच्या काळात होता, हे मान्य. पण तो डाव मैदानावर उलटलाही. वैद्य बंधूंनी अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. संघटना आणि लेखी नियम ही साहेबी खेळांची रीत आपल्याकडच्या मंडळांनी हुतुतू आणि खो-खोला लावली, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या खेळाडूंनी जगापुढे कबड्डी खेळून दाखवली.

आता या मापावरचे दोन आक्षेप. पहिला असा की, गावकुसाबाहेरच्या महार-मांगांना मिशनच्या शाळेखेरीज दुसरी शाळाच नव्हती. मग त्यांच्या बाबतीत उठून जाण्याची मुभा म्हणजे शब्दांचा खेळ. आक्षेप बरोबर आहे, पण त्याचा रोख मिशनकडे नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेशासाठी एका महार मुलाने अर्ज केला आणि स्पृश्य मुले निघून जातील म्हणून तो नाकारला गेला. दुसरे दार आपण बंद केले होते. म्हणून नगर-सोलापूरकडच्या दलित ख्रिस्ती कुटुंबांना ‘पोटासाठी बाटले’ असे हिणवणाऱ्याने आधी सांगावे की मिशनखेरीज त्यांच्यासाठी त्या काळी कोणती पंगत मांडली होती. आणि ज्यांनी तो धर्म घेतला, त्यांनी भाकरीपलीकडे प्रतिष्ठेचाही विचार केला असेल, एवढी अक्कल त्यांना होती असे मानायला काय हरकत आहे? पर्याय नसलेल्या माणसाची निवड संशयास्पद ठरवून आपण त्याचाच दुसऱ्यांदा अपमान करतो.

दुसरा आक्षेप सक्तीच्या शिक्षणाचा. आपला कायदाही सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत आणायला सांगतो. मग मुभा कुठे राहिली? फरक असा की, त्या कायद्यात मुख्य बंधन सरकारवर आहे. शाळा निवडता येते, बदलता येते, तक्रार करता येते, आणि मूल जन्माने कोण आहे यावरून त्याला कोंडता येत नाही. शिवाय घटनेचे कलम २८(३) आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतल्या कोणालाही त्याच्या संमतीवाचून, अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. मुंबईच्या पारशांनी कोर्टात जाऊन आणि पुण्याच्या पालकांनी मुली नेऊन जे बजावले, ते घटनेने प्रत्येक मुलाच्या नावावर लिहून दिले. शाळा बंद करायची नाही, श्रद्धा पुसायची नाही, फक्त दार उघडे ठेवायचे.

ही कसोटी जुन्या मिशनऱ्यांपुरती ठेवली तर आपण सोयीस्कर इतिहास लिहू. आज निष्ठेने झपाटलेली माणसे भगव्या वस्त्रांत आहेत, पांढऱ्या टोपीत आहेत, समाजवादी झोळीत आहेत, क्रीडा प्रबोधिनीच्या ट्रॅकसूटमध्ये आहेत. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले वसतिगृहांत राहतात, आदिवासी मुले आश्रमशाळांत, डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेली मुले घरापासून दूर कोचिंगच्या खोल्यांत. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी तळमळीचा माणूस ‘यांच्या भल्यासाठी’ म्हणतो आहे. त्याच्या तळमळीवर शंका घेऊ नये. प्रश्न मात्र विचारावेत. मुलाला घरी जावेसे वाटले तर त्याला कोण सोडते? तक्रार करायची झाली तर ती संस्थेबाहेरच्या कोणाच्या हाती पडते? प्रार्थनेला, घोषणेला किंवा सरांच्या पाया पडायला नकार दिला तर दुसऱ्या दिवशीचे जेवण आणि संघातली जागा कायम राहते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नीट आली तर संस्थापकाचा धर्म आणि पक्ष विचारायची मला गरज वाटत नाही. आली नाहीत, तर त्याची तपश्चर्या ऐकून घेण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे निष्ठावंत शिक्षकांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात, आणि त्यांत गुरूला मानणाऱ्या शिष्यांच्या आठवणींचा भरणा असतो. फुले, कर्वे आणि शिंदे यांच्याकडे पाहिल्यावर ती रीत अपुरी वाटते. मिशनरी शिक्षकाचे चरित्र लिहायला बसलेल्याने आधी त्याच्या वर्गातून, मैदानातून किंवा धर्मातून उठून गेलेल्यांचा शोध घ्यावा. त्यांना जाऊ दिले का, ते पुन्हा भेटले तेव्हा त्याने कसे वागवले, आणि त्याच्याकडून शिकलेले ते कुठे वापरत होते, हे लिहून काढावे. त्या प्रकरणात सांगण्यासारखे काही सापडले, तर बाकीचे चरित्र लिहिण्याजोगे आहे असे खुशाल समजावे.